गोथेनबर्गमध्ये घर बघताना आधी ट्रामचा थांबा बघावा का?

चिंचबन

नमस्कार मंडळी. मी स्वीडनमध्ये गोथेनबर्गला राहते. आमचं सेकंड हँड काँट्रॅक्ट (म्हणजे पोटभाड्याचा करार) संपत आलंय आणि घर शोधणं चालू आहे. सध्या लांदाला भागात आहोत, कपेलप्लात्सेन हा आमचा ट्रामचा थांबा. समोर दोन घरं आहेत. एक इथलंच, दोन खोल्यांचं, जुन्या इमारतीतलं, थांब्यापासून हाकेच्या अंतरावर. दुसरं नदीपलीकडे हिसिंगेनवर, नवं बांधकाम, एक खोली जास्त, बाल्कनीतून पाणी दिसतं. पण तिथे चालत जाण्याजोग्या अंतरावर ट्राम नाही, सगळी भिस्त बसवर.

नवऱ्याचा कल दुसऱ्या घराकडे आहे. माझं मत उलट आहे आणि ते इथे स्पष्टच मांडते: या गावात खोल्या मोजण्याआधी थांबा बघावा.

जूनमध्ये माझे आईबाबा येतात, व्हिसाचे ९० दिवस पुरेपूर राहतात. स्वीडिश दोघांनाही येत नाही, इंग्रजी जेमतेम. आम्ही दोघं दिवसभर ऑफिसात. आधीच्या घरी होतो तेव्हा संध्याकाळी आम्ही आल्यावरच त्यांचा दिवस सुरू व्हायचा. लांदालाला आल्यावर आई थोड्याच दिवसांत एकटी बाहेर पडायला लागली. त्याचं कारण ट्रामचे रंग. इथे प्रत्येक मार्गाला नंबराबरोबर स्वतःचा रंग असतो. सात नंबर तपकिरी, चार हिरवा, पाच लाल, अकरा काळा. स्वीडिश पाट्या वाचायच्या भानगडीत आई पडलीच नाही. "तपकिरी आली की चढायचं" हे तिने ठरवून टाकलं. तपकिरी एका दिशेला उतार उतरून ब्रून्सपार्केनला, म्हणजे भर गावात जाते. दुसऱ्या दिशेला चढ चढून साल्ग्रेन्स्का रुग्णालयाच्या मुख्य दाराशी. बाबांना बसायला बाक, आईला हिंडायला गाव, आणि परत येताना पुन्हा तीच तपकिरी.

तर माझा प्रश्न: तिकडे ओस्लो, बर्गन, स्टॉकहोम, जिथे कुठे ट्रामच्या जवळ राहिला असाल तिथला अनुभव सांगा. चांगला थांबा ओळखायचा कशावरून? आवाजाचा त्रास होतो का? लहान मूल असेल तर काय बघावं?

भाकरवडी

माझं मत थांब्याला. जास्तीची खोली म्हणजे जास्तीचा केर.

सह्यकडा

थोडी दुसरी बाजू मांडतो, कारण मी हिसिंगेनवरच राहतो आणि मजेत राहतो.

एक तर हिसिंगेनला ट्रामच नाही असा कुणाचा समज व्हायला नको. पाच, सहा, दहा या गाड्या नदी ओलांडून इकडे येतात. पूर्वी १९३९ सालचा जुना पूल होता, २०२१ मध्ये त्याच्या जागी हिसिंग्सब्रून झाला. मोठं जहाज आलं की पुलाचा मधला भाग वर उचलला जातो आणि ट्राम थांबून राहते, ते पाहायला माझ्या मुलाला अजून आवडतं. चिंचबनताई ज्या घराबद्दल बोलतायत ते रुळांपासून लांब असेल, ते मान्य. पण लिंडहोल्मेनहून पलीकडे स्टेनपीरेनला जाणारी बोट आहे, तिला तिकीटही लागत नाही. पलीकडे उतरलं की ट्राम समोर.

दुसरं असं की तुम्ही उन्हाळ्याचा हिशोब मांडलाय. डिसेंबरात इथे सूर्य नऊच्या सुमाराला उगवतो आणि साडेतीनला मावळतो. शाळकरी मूल, वर्क फ्रॉम होम, बाहेर आडवा पाऊस. अशा वेळी जास्तीची खोली म्हणजे चैन नाही, घरातल्या शांततेची गरज आहे. आईबाबा ९० दिवस. उरलेलं वर्ष तुम्ही त्या घरात राहणार आहात.

चिंचबन

@सह्यकडा, बोटीचा मुद्दा अगदी रास्त. पण हिवाळ्याच्या बाबतीत माझा अनुभव वेगळा आहे. अंधारातच मला थांबा जास्त लागतो. खाली उतरलं की दिवा, छप्पर, गाडी किती मिनिटांत येईल ते दाखवणारा फलक, आणि रोज त्याच वेळेला उभी असणारी तीच माणसं. बोलणं होत नाही, पण एखादी आजी दोन दिवस दिसली नाही की चुकल्यासारखं वाटतं.

मोगरा_उत्तरेचा

ओस्लोहून. लहान मुलाबद्दल विचारलंय म्हणून सविस्तर लिहिते.

थांबा किती जवळ आहे हे सगळेच विचारतात. गाडीत चढताना पायरी आहे का, हे बाबागाडी ढकलायची वेळ येईपर्यंत कुणी विचारत नाही. मुलगी झाली तेव्हा आमच्या मार्गावर जुन्या निळ्या गाड्या होत्या, दारात उंच पायऱ्या. बाबागाडी एकटीने उचलणं शक्यच नव्हतं. दर वेळी कुणीतरी पुढे यायचं. नॉर्वेजियन माणूस अनोळखी माणसाशी बोलत नाही म्हणतात, पण बाबागाडीचं पुढचं चाक न सांगता धरतो! तरीसुद्धा बाहेर पडायचं तर दुसऱ्या कुणाच्या हातांवर अवलंबून राहायचं, हे मनाला लागायचं.

२०२२ पासून इथे नव्या गाड्या यायला लागल्या. स्पेनच्या काफ कंपनीच्या, एकूण ८७. आतली जमीन आणि फलाट एका पातळीत. दार उघडलं की बाबागाडी सरळ आत. मुलगी आता शाळेत जाते, तेव्हा मला फार उपयोग झाला नाही, पण शेजारची नवी आई एकटी फ्योर्डच्या, म्हणजे इथल्या खाडीच्या, काठाला जाऊन येते हे बघून खरंच बरं वाटतं.

म्हणून माझी कसोटी ही: मुख्य थांब्याला जा, एका बाजूला उभ्या राहा आणि व्हीलचेअरवालं कुणी किंवा बाबागाडीवाली बाई आली की ती कशी चढते ते बघा. कुणाचीही मदत न मागता चढली तर थांबा चांगला.

देवराई

मोगराताईंना अनुमोदन. गोथेनबर्गपुरती भर घालतो. आमच्याकडे अजून मिश्र ताफा आहे. पायऱ्यांच्या जुन्या गाड्या निवृत्तीच्या वाटेला आहेत. एम-३१ या गाड्यांचं पुढचं-मागचं अंग उंच आहे, पण मधला डबा जमिनीलगत, म्हणून बाबागाडी किंवा गुडघेदुखीवाले आईबाबा असतील तर फलाटाच्या मध्यावर उभं राहायचं. एम-३३ आणि त्यांच्याहून लांब एम-३४ या नव्या गाड्यांना ही अडचण नाही, त्या खालच्या जमिनीच्याच आहेत.

टपरीवाला

मी पुण्याहून वाचतोय, कधी ट्राममध्ये बसलेलो नाही. भाबडा प्रश्न आहे. कंडक्टर नाही तर तिकीट कोण बघतं?

देवराई

तिकीट आधीच ॲपवर काढायचं, चालकाकडे रोख चालत नाही. तपासनीस अधूनमधून चढतात आणि तिकीट नसेल तर दंड चांगला सणसणीत असतो. शहरापुरतं साधं तिकीट ठरावीक वेळ चालतं, तेवढ्या वेळात ट्राम, बस, बोट काहीही बदला. अकरा नंबर पकडून शेवटच्या थांब्याला, सॉल्टहोल्मेनला उतरलात तर समोर बोटींचा धक्का आहे. त्याच तिकिटावर दक्षिणेच्या बेटांवर जाता येतं. ब्रेन्नो, स्टिर्सो, व्रोंगो. बेटांवर खाजगी मोटारींना बंदी, लोक सायकली आणि मालवाहू मोपेडी वापरतात. आईबाबांना जरूर न्या.

टपरीवाला

ट्रामच्या तिकिटावर समुद्रातल्या बेटावर! आमच्याकडे पासावर पुढच्या स्टॉपला उतरलं तरी वाद होतो.

लाल_डबा

इथे जरा मुंबईचा विषय काढतो. अवांतर वाटलं तरी चालेल, माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

गोथेनबर्गची घोड्यांची ट्राम १८७९ ची. मुंबईची १८७४ ची. म्हणजे कुलाब्याहून पायधुणीला ट्राम धावायला लागली तेव्हा गोथेनबर्गला रूळही पडले नव्हते. विजेची ट्राम त्यांच्याकडे १९०२ ला, आपल्याकडे १९०७ ला. दोन्ही गावं बंदरांची, दोन्हीकडे कापड गिरण्या. मग वाटा फुटल्या. मुंबईत ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. माझे वडील त्या गर्दीत होते. ट्राम गेली, "दादर टीटी"मधला ट्राम टर्मिनसचा "टीटी" तेवढा मागे राहिला, आणि आज तिथे उतरणाऱ्या किती जणांना तो कशाचा आहे हे माहीत असेल!

मला स्वीडनमधल्या मंडळींना विचारायचंय: तुमच्याकडे ती वाचली कशी? त्याच दशकात जगभर रूळ उखडले जात होते.

देवराई

लाल_डबा, फार चांगला प्रश्न. खरं तर त्याच दशकात इथेही ती जायची वेळ आली होती.

३ सप्टेंबर १९६७ ला स्वीडनने वाहतूक डाव्या बाजूची उजव्या बाजूला नेली. एका पहाटेत सगळा देश. मोटारी बाजू बदलू शकतात, पण ट्रामची दारं एकाच बाजूला असतात आणि थांबेही त्या बाजूने बांधलेले. सगळं बदलायचं तर प्रचंड खर्च. स्टॉकहोमकडे तोवर मेट्रो होती. त्यांनी शहरातली ट्राम त्या वेळी बंदच केली, उपनगरातले एखाददोन मार्ग तेवढे ठेवले. माल्मोलाही पुढे १९७३ ला ती गेली. गोथेनबर्ग आणि नॉरशोपिंग या दोन गावांनी ठेवली. गोथेनबर्गच्या जमिनीत चिकणमातीचे खोल थर आहेत, भुयारी रेल्वे खोदणं अवघड आणि महाग. मग जे आहे तेच वाढवायचं ठरलं. आज नॉर्डिक देशांतलं सर्वांत मोठं ट्रामचं जाळं इथलंच आहे.

मुंबईने आणखी थोडी कळ काढली असती तर, हा विचार माझ्याही मनात येतो.

पावसाळी_बाबा

बर्गनवाल्यांचाही शब्द ऐका. आमची ट्राम, म्हणजे बीबानेन, २०१० ची. जुनी ट्राम १९६५ ला बंद केली होती, मग ४५ वर्षांनी पुन्हा रूळ टाकले. म्हणजे गेलेली परतही येते, लाल_डबा काका, आशा सोडू नका.

चिंचबनताईंच्या आईंना रंग सापडला, तसं आमच्याकडे सूर आहेत. प्रत्येक थांब्याच्या घोषणेआधी त्या थांब्याची स्वतःची छोटी धून वाजते. काचेवर पाऊस, बाहेर काही दिसत नाही (बर्गनमध्ये हे नित्याचं), तरी कान सांगतो की आपलं घर आलं. माझे सासरे दृष्टीने अधू आहेत. ते आले होते तेव्हा धून ऐकून बरोबर उतरायचे. आपल्या आईबाबांना ठेवायचं अशा गावात, असं तेव्हा फार वाटलं.

घडीची_पोळी

हेलसिंकीवाल्यांना या धाग्यात प्रवेश आहे का? आमच्याकडेही ट्राम आहे, २०२३ पासून तर गावाला वळसा घालणारी पंधरा नंबरची लाइट रेल पण आहे.

सह्यकडा

फिनलंड स्कँडिनेव्हियात येत नाही, नॉर्डिकमध्ये येतं. पण ट्राम आणलीत म्हणून प्रवेश मंजूर.

घडीची_पोळी

धन्यवाद. मग एक कामाचं सांगते. आम्ही थांब्याच्या अगदी समोर राहिलो, आणि एका वळणाच्या समोर राहिलो. त्रास वळणाचा झाला. सरळ रुळावर गाडी गुरगुरत जाते, त्याची सवय होते. तीव्र वळणावर चाकं किंचाळतात, आणि कोरड्या हवेत जास्त. घर बघायला जाल तेव्हा थांबा मोजू नका, वळण मोजा.

पारिजातक

घडीची_पोळी, अगदी बरोबर! आवाजाबद्दल मीही लिहिणारच होते.

आम्ही गोथेनबर्गलाच, मायोर्ना भागात, मारियाप्लानजवळ राहतो. इथली घरं लॅन्ड्सहोवडिंगहूस, गोथेनबर्गची खासियत. तळमजला विटांचा किंवा दगडी आणि वरचे दोन मजले लाकडी. लाकडी मजल्यांवर गिरणी कामगार, बंदरातले कामगार राहायचे. आगीच्या भीतीने तीन मजली लाकडी घरांना बंदी होती, म्हणून खालचा मजला पक्का बांधून तोडगा काढला. दिसायला फार गोड. पण लाकूड हादरा वाहून नेतं. गाडी गेली की माझ्या मांडणीतल्या वाट्या एकमेकींशी बोलतात. मला आता तो आवाज नसला की संप आहे का अशी शंका येते, पण झोप सावध असेल तर विचार करावा.

मात्र या घरांची रचना चौकाभोवती आहे. एक बाजू रस्त्याला, दुसरी आतल्या अंगणाला. झोपायची खोली अंगणाकडे असेल तर ट्राम ऐकूसुद्धा येत नाही. स्वयंपाकघर आणि दिवाणखाना रस्त्याकडे. चिंचबनताई, तुमच्या जुन्या इमारतीत शयनगृह कुठल्या बाजूला आहे ते आधी बघा. खिडक्यांना काचेचे किती थर आहेत तेही.

आणि एक. मारियाप्लानचा थांबा मला आवडतो तो ट्रामसाठी नाही, थांब्याभोवती जे आहे त्यासाठी. बेकरी, किराणा, औषधं, बसायचे बाक. गाडी चुकली तर चुकू दे असं वाटतं. नुसताच हमरस्त्याच्या मधोमध फलाट असेल आणि दोन्हीकडून मोटारी, तर तो थांबा जवळ असूनही दूरचा.

आंगेरेदकर

शहराच्या मध्याबद्दल बरंच झालं. आम्ही ईशान्येला हम्मारकुलेनला राहतो, चार नंबरवर. इथला थांबा खडकाच्या पोटात आहे, भुयारी स्टेशनच. आंगेरेदचा हा मार्ग सत्तरच्या सुमाराला वेगवान बांधला. गावातून निघाली की थांबे लांब लांब आणि गाडी चांगली पळते. नकाशावर मी तुमच्या दुप्पट-तिप्पट लांब आहे, पण वेळ बघाल तर फरक तेवढा पडत नाही, कारण भर गावात ट्राम मोटारी, सिग्नल, गर्दी या सगळ्यांतून वाट काढते.

शिवाय इथे भाडं कमी, खोल्या मोठ्या, आणि भाजीच्या दुकानात कोथिंबीर जुडीने मिळते. मे महिन्यात कार्निव्हल असतो, दक्षिण अमेरिकेहून आलेल्या मंडळींनी सुरू केलेला. या भागाबद्दल वर्तमानपत्रं वाचून लोक मत बनवतात. एकदा येऊन बघा. नवरा-बायकोच्या वादात तिसरी जागा सुचवतोय, मोठं घर आणि ट्राम दोन्ही.

भाकरवडी

कोथिंबीर जुडीने?! पत्ता पाठवा. घर जाऊ दे.

देवराई

आंगेरेदकरांशी पूर्ण सहमत, तो मार्ग लोक उगाच डावलतात.

आता चिंचबनताईंच्या उताराबद्दल. हे थोडं गंभीर आहे, पण आईबाबांना एकटं सोडताना माहीत असावं म्हणून लिहितो.

तुमची तपकिरी ज्या आशेबेर्ग्सगातानवरून उतरते तो तीव्र उतार आहे, वाव्रिन्स्कीस प्लात्सपासून चाल्मर्स, कपेलप्लात्सेन करत खाली वासाप्लात्सेनपर्यंत. १२ मार्च १९९२ ला सकाळी वीज गेल्याने एक ट्राम वरच्या चढावर अडकली. प्रवासी उतरवले होते. गाडी हलवण्यासाठी ब्रेक मोकळे केले गेले आणि ती मागच्या मागे घसरत सुटली. उतारभर वेग घेत वासाप्लात्सेनला रुळांवरून उडाली आणि थांब्यावर उभ्या असलेल्या माणसांवर, मोटारींवर आदळली. १३ माणसं गेली. ज्यांच्या अंगावर ती आली त्यांत नेहमीप्रमाणे थांब्यावर गाडीची वाट बघणारी माणसं होती. मी इथे आलो तेव्हा ऑफिसातल्या एका वयस्कर सहकाऱ्याने मला तो उतार चालत दाखवला होता. या गावातली जुनी माणसं ती सकाळ विसरलेली नाहीत.

हे सांगितलं ते घाबरवायला नाही. मी रोज त्याच उताराने जातो आणि निर्धास्त जातो. सांगायचं एवढंच, की ट्राम ही गोंडस निळी-पांढरी वस्तू दिसते, पण ती कित्येक टनांचं लोखंड आहे, लोखंडावर घरंगळणारं. मोटारीसारखी जागच्या जागी थांबत नाही आणि बाजूलाही वळू शकत नाही. म्हणून इथला एक नियम आईबाबांना पुन्हा पुन्हा सांगा. झेब्रा क्रॉसिंगवर पाऊल टाकलं की मोटार थांबते, थांबलीच पाहिजे. ट्रामला तो नियम लागू नाही. ट्रामला आपण वाट द्यायची. भारतातून आलेल्या माणसाला चार दिवसांत मोटारी थांबण्याची इतकी सवय होते की तो ट्रामपुढेही तशाच विश्वासाने पाऊल टाकतो. एक गाडी गेली की लगेच ओलांडायचं नाही, तिच्याआडून दुसरी येत असते. आणि कानात गाणी नकोत.

पारिजातक

देवराई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. झेब्राचा नियम मी आमच्या इथल्या नव्या मुलींना दर वर्षी सांगते. चाल्मर्सला शिकायला येणाऱ्या मुलांना तर पहिल्याच दिवशी सांगायला हवा.

अंधारासाठी आणखी एक: नोव्हेंबरपासून कोटाला रिफ्लेक्स, म्हणजे उजेड पडला की चमकणारी पट्टी, लावा. चालकाला काळ्या कोटातला माणूस दिसत नाही.

मोगरा_उत्तरेचा

वाचून अंगावर काटा आला. मलाही ओस्लोत हेच सांगावं लागतं. घंटा वाजली की ती आपल्यासाठी आहे असं समजायचं आणि जागेवर थांबायचं.

सह्यकडा

देवराईंचा प्रतिसाद धाग्याच्या वर लावावा असा आहे.

माझं मूळ मत मात्र कायम आहे. खोली घ्या. पण पारिजातकताईंचा थांब्याभोवतीच्या दुकानांचा मुद्दा मला पटला. तो बसच्या थांब्यालाही तितकाच लागू आहे. चिंचबनताई, हिसिंगेनच्या त्या घराखाली काय आहे? किराणा, बाक, माणसं? की नुसताच वारा?

चिंचबन

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं भरभरून लिहाल असं वाटलं नव्हतं.

सह्यकडांच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला आम्ही दोघं शनिवारी हिसिंगेनच्या घरी पुन्हा गेलो, या वेळी घर बघायला नाही, खाली उभं राहायला. इमारती सुंदर आहेत, पण तळमजल्यावरची दुकानं अजून भरलेली नाहीत. बसथांब्याला छप्पर आहे, बाक अरुंद आहे. वारा थेट नदीवरून. तिथून परत येऊन कपेलप्लात्सेनला तेवढाच वेळ उभे राहिलो. मोगराताईंची कसोटीही लावली. एक आजोबा वॉकर घेऊन आले, नवी गाडी होती, कुणाच्याही मदतीशिवाय चढले. पाठोपाठ जुनी गाडी आली तेव्हा एका बाईला बाबागाडीसाठी मागच्या मुलाने हात दिला. म्हणजे आमचा थांबा अर्धा पास.

नवऱ्याला आवाजाची काळजी होती. घराची झोपायची खोली अंगणाच्या बाजूला आहे, खिडकीला काचेचे तीन थर. वळण जवळ नाही, रूळ सरळ उतरत जातात. त्याने आता मान हलवली आहे, पूर्ण नाही पण बरीच. त्याची एकच अट आहे: हिवाळ्यात घरून काम करायला दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यात टेबल आणि दार नसलं तरी जाडजूड पडदा. ती मला मान्य आहे.

आंगेरेदकर, तुमच्याकडेही येणार आहोत. बाबांना खडकातलं स्टेशन बघायचंय.

आईला फोनवर झेब्राचा नियम सांगितला. ती म्हणाली, "मला ठाऊक आहे, त्या घंटेवरूनच कळतं." तरी मी पुन्हा सांगणार आहे.

लाल_डबा

उत्तम निर्णय. तुमच्या आईबाबांना माझा नमस्कार सांगा. वडील मुंबईत वाढले असतील तर त्यांना दादरची ट्राम आठवते का ते जरूर विचारा आणि इथे लिहा. ती आठवण असलेली माणसं आता थोडीच उरलीत.

चिंचबन

बाबा नाशिकचे, पण त्यांचे मामा परळला राहायचे. विचारून सांगते.

नवी_पालवी

नमस्कार, धागा उशिरा सापडला. आम्ही ऑगस्टमध्ये गोथेनबर्गला येतोय, कंपनी पहिला महिना हॉटेल देणार आहे. बाळ सात महिन्यांचं. ब्रून्सपार्केनला ट्राम बदलणं अवघड असतं असं ऐकलं, खरं का?

देवराई

या, स्वागत आहे. ब्रून्सपार्केनला जवळजवळ सगळे मार्ग एकत्र येतात आणि फलाट बरेच आहेत, प्रत्येकाला अक्षर आहे. ॲपमध्ये थांब्याच्या नावापुढे ते अक्षर दिसतं, ते बघूनच चालायला लागा, नाहीतर गाडी समोरच्या फलाटावरून निघून जाते. बाबागाडी असेल आणि मार्ग जुळत असेल तर वासाप्लात्सेन किंवा चाल्मर्सला बदला, गर्दी कमी आणि रूळ ओलांडायचे प्रसंगही कमी. हॉटेल कुठल्या भागात आहे ते सांगा, मार्ग सुचवतो.

नवी_पालवी

कोर्सवेगेनजवळ.

पारिजातक

मग काळजीच नको. कोर्सवेगेनहून सहा किंवा आठ नंबर, बोगद्यातून थेट चाल्मर्स. बोगदा २००० साली झाला, त्याआधी गावातून वळसा पडायचा. स्टेशनच्या कामामुळे कोर्सवेगेनला फलाट अधूनमधून सरकवतात, म्हणून उतरल्यावर तात्पुरत्या पाट्या बघा. फलाटाच्या मध्यावर उभ्या राहा. बाळाला टोपी घाला, ऑगस्टातही वारा असतो.